रंगूबाईच्या घरी मोजलेला तांदूळ

मी ताणकाटा बोलतोय. वाण्याच्या दुकानातला दोन पारड्यांचा तराजू नव्हे हं. मला वर एक कडी, खाली एक हूक, मध्ये गोल तबकडी आणि पोटात एक स्प्रिंग. हुकाला ओझं अडकवलं की स्प्रिंग ताणली जाते, तबकडीवरची सुई सरकते आणि माणसं माना वर करून ती सुई बघत राहतात.

संशय माझ्या जातीला जन्मापासूनच चिकटलेला. घेणाऱ्याला वाटतं, विकणाऱ्याने काट्यात काहीतरी केलंय. विकणाऱ्याला वाटतं, घेणारा खालून बोट लावतोय. दोघांनाही मी लागतो आणि दोघांचाही माझ्यावर भरवसा नसतो. असं आयुष्य काढल्यावर मीही माणसांकडे जरा तिरक्या नजरेनेच बघू लागलो, तर नवल नाही.

माझा जन्म दूरच्या एका देशातल्या कारखान्यात झाला. तिथला एक माणूस आम्हा प्रत्येकाला तेच ते वजन टांगून बघायचा. ज्याची सुई चुकली तो गेला भट्टीत. जे उरलो त्यांना पेंढा भरलेल्या खोक्यात घालून बोटीवर चढवलं. कोणी सिलोनला गेला, कोणी आफ्रिकेत, कोणी दक्षिण अमेरिकेत. मी मुंबईत उतरलो. एवढ्या लांबलांबच्या देशांना एकाच बनावटीचे काटे कशाला हवेत, हे कोडं मला तिथल्या एका संस्थेत उलगडलं.

संस्थेतले रामनाथसाहेब नव्या नोकरांना शिकवत होते. "कोणता देश किती गरीब, हे पैशावरून सांगता येत नाही," ते म्हणाले. "इथला रुपया वेगळा, तिथलं नाणं वेगळं, भाव वेगळे. पण पोट सगळीकडे सारखं. म्हणून आपण अन्न मोजायचं. माणसाला दिवसाला अमुक इतके उष्मांक लागतात, तिथे एक रेषा मारायची. घरात शिजणारं अन्न माणसांत वाटून बघायचं. रेषेच्या खाली आलं तर घर गरीब, वर आलं तर नाही. सगळ्या देशांत तीच रेषा, तोच काटा."

ऐकणाऱ्यांत चंद्रा होती. भिवंडीची मुलगी, नुकतीच बी.ए. झालेली, पहिलीच नोकरी. तिने विचारलं, "सर, घरात दुसरं काही बघायचं नाही? जमीन, भांडीकुंडी, अंगावरचे कपडे?"

"ते ज्याला त्याला वेगळं दिसतं," साहेब म्हणाले. "काट्याला एकच दिसतं."

माझ्यावर एवढा विश्वास आजवर कोणी टाकला नव्हता. सुखावलो खरा, पण मनात म्हटलं, हा माणूस माझ्याकडे एकदाही नीट न बघता हे बोलतोय.

चंद्राच्या वाट्याला भिवंडीजवळचं शेलार गाव आलं आणि चंद्राच्या वाट्याला मी. साल चौऱ्याहत्तर, महिना माघ. भात झोडून घरात आलेलं आणि सरकारची लेव्ही जोरात चाललेली. ज्याची शेती मोठी, त्याने पिकातला ठरलेला हिस्सा सरकारी भावाने द्यायचा. असल्या दिवसांत खांद्याला काटा लावून कोणी गावात शिरलं, तर लोकांनी काय समजावं?

"काटेवाली आली!" आळीत कोणीतरी ओरडलं, आणि माझ्यादेखत दोन दारं लागली.

साहेबांनी चिठ्ठ्या टाकून घरं निवडली होती. त्यांत केसरीनाथचं नाव होतं. गावात त्याची चांगली जमीन, आणि भिवंडीत निजामपुऱ्याच्या गल्लीत कापड विणायचे स्वतःचे लूम. तो ओटीवरून खालीसुद्धा उतरला नाही.

"लेव्हीचा काटा ना हा?"

"नाही हो शेठ. घरात रोज किती शिजतं तेवढंच मोजायचं. अभ्यास चाललाय. दुसऱ्या देशांशी तुलना करायची आहे."

"शिजतं ते मोजनार आनि साठवलेलं न्हाय मोजनार? मला येडा समजलीस काय?" तो हसला. पण त्याची नजर माझ्या तबकडीवरून हलत नव्हती. शेवटी म्हणाला, "मोज. काय दिसंल ते मोज."

दुसरं घर नामाचं. नामा केसरीनाथच्याच लूमवर कामाला होता. कानांत खडखडाट बसलेला, म्हणून तो मोठ्यानेच बोलायचा. "ताई, यात जास्त भरलं तर रेशनकार्ड कापतील. आनि कमी भरलं तर काय करतील?"

"काही नाही करणार, दादा."

"मग मोजताय कशाला?" चंद्राने वही उघडून त्याचं नाव लिहिलं.

नामाच्या बायकोने, रंगूबाईने, एकच विचारलं, "मोजताना दार उघडं ठेवाय लागंल?"

"ठेवा की. उजेड नको?"

रंगूबाईने समोरच्या दाराकडे बघितलं. तिथे धोंडूबाई दाताला मिश्री लावत बसली होती. रंगूबाईची मुलगी गोदू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, आणि ही धोंडूबाई म्हणजे गोदूच्या सासूची सख्खी बहीण. गोदूचं सासर वज्रेश्वरीकडे. पण सासरचे डोळे इथे, समोरच्याच दारात होते. माहेरी पोरीला पोटभर मिळत नाही असा निरोप गेला, की सासरचे तिला घेऊन जाणार आणि रंगूबाईला जन्मभर तोंड दाखवायला जागा उरणार नाही. हे मला पुढे हळूहळू कळलं. त्या दिवशी मी फक्त रंगूबाईचा हात बघितला. मनगट इतकं बारीक, की बांगडी कोपरापर्यंत गेली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी चंद्राने मला रंगूबाईच्या घरात वाशाला टांगलं आणि हुकाला पितळी परडी अडकवली. रंगूबाईने परडीत तांदूळ ओतला. मी दचकलोच. चांगला, टपोरा, तांबूस झाक असलेला, गिरणीतून नुकताच भरडून आणलेला तांदूळ, आणि तोही एवढा!

"हा सगळा आजचा?" चंद्राने विचारलं.

"आजचाच. दोन येळचा," रंगूबाई रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "पोरगी पोटुशी हाय. खाया नको घालाय?"

घराच्या भिंती कुडाच्या, शेणाचा लेप पडलेला. चुलीजवळ दोन मडकी. आणि कोपऱ्यात गोधड्यांनी झाकलेला एक मोठा ढीग.

"ते काय आहे?"

"अंथरुनं."

तीन माणसांच्या घरात एवढी अंथरुणं? चंद्राच्याही मनात तेच आलं असावं, कारण ती थोडा वेळ तिकडे बघत राहिली. पण पाहुण्याच्या घरातलं पांघरूण उचलून बघायचं, तर बघायचं कसं? तिने आकडा लिहून घेतला. मग मला तसाच टांगलेला ठेवून ती पुढच्या घरी सांगायला गेली, की मी येईपर्यंत चूल पेटवू नका.

ती पाठमोरी झाली तशी रंगूबाईने दार लोटून घेतलं. गोधडी बाजूला केली. आत तांदळाची पोती होती, एकावर एक रचलेली. तिने परडीतला तांदूळ मुठी मुठीने, एक दाणा खाली न सांडता, पोत्यात परत घातला आणि तोंड बांधून टाकलं. मग मडक्यातून ओंजळभर कणी काढली, पाण्यात टाकली आणि पेज चुलीवर ठेवली.

गोदू भिंतीला टेकून सगळं बघत होती. "आये, एक वाटी तरी घे ना त्यातला."

"परक्याचा हाय तो."

"कोनाला कळनार हाय?"

"केसरीनाथशेठ मोजून ठेवून गेलाय आनि मोजून नेनार हाय. तुजा बाप त्याच्या लूमवर हाय, इसरलीस?"

तेव्हा मला उलगडा झाला. लेव्हीवाल्यांच्या भीतीने केसरीनाथने आपला तांदूळ नामाच्या घरात दडवला होता. गरिबाच्या झोपडीत पोती शोधायला कोण येणार?

त्याच सकाळी चंद्रा मला केसरीनाथच्या घरी घेऊन गेली. तिथे माझ्या परडीत थोडं नाचणीचं पीठ, मूठभर सुकट आणि वाटीभर तांदूळ आला. तोच तांबूस तांदूळ. चंद्राने चार दाणे तळहातावर घेऊन बघितले, मग फळीवरच्या चकचकीत हंड्यांकडे बघितलं.

"एवढ्या माणसांना एवढंच?"

"दिवस वाईट हायत, बाई," केसरीनाथची बायको म्हणाली. मागे तिची सून उभी होती. तीही पोटुशी होती. तिने मान खाली घातली.

आठवडाभर हेच चाललं. एका सकाळी चंद्रा बाहेर गेलेली असताना केसरीनाथ स्वतः रंगूबाईच्या घरात डोकावला. रंगूबाई घाबरून उभी राहिली. "शेठ, पोत्यातला तांदूळ रोज काट्यावर ठेवतंय. पन परत घालतंय हो, देवाशप्पत. पोरीच्या सासरचं मानूस दारात बसलेलं असतंय."

केसरीनाथला वाटलं नव्हतं की ही असं काही करेल. त्याने जरा विचार केला. "ठेव की. बरंच हाय. चुकून कोनाला दिसला तर तुजाच समजतील. पन एक मूठ कमी झाली तर मला कळंल."

तो गेला. रंगूबाई पोत्याच्या तोंडाची गाठ पुन्हा पुन्हा तपासत बसली. माझी सुई खरं तेच दाखवत होती. जेवढा तांदूळ होता तेवढाच. पण त्या तांदळाचा मालक कोण आणि तो कोणाच्या पोटात जातोय, ते माझ्या तबकडीवर लिहायला जागाच नव्हती.

आठवडा संपला. मोजणी झाली. लेव्हीवाले येऊन गेल्यावर पोती एका बैलगाडीतून केसरीनाथच्या घरी परत गेली आणि चंद्राने आकडे मुंबईला पाठवले.

होळीच्या सुमाराला रामनाथसाहेब जीपमधून शेलारला आले. सोबत दुधाच्या पावडरीचे डबे होते. रेषेखाली आलेल्या घरांतल्या पोटुश्या बायकांना डबे द्यायचे, मग मुलं कशी निपजतात ते बघायचं, असं संस्थेने ठरवलं होतं. शाळेच्या ओट्यावर गाव जमलं. डबे तोलून द्यायचे म्हणून मला ओट्याच्या तुळईला टांगलं होतं.

साहेबांनी पहिलंच नाव केसरीनाथच्या सुनेचं घेतलं.

लोक एकमेकांकडे बघू लागले. चंद्रा साहेबांजवळ जाऊन हळूच म्हणाली, "सर, हे बरोबर वाटत नाही. त्यांचे स्वतःचे लूम आहेत. आणि नामाचं घर यादीतच नाही."

"नामाच्या घरात रोज किती तांदूळ शिजतो ते तुम्हीच लिहून पाठवलंत ना?"

"लिहिलं. पण मला तेव्हाच शंका आली होती."

"शंका!" साहेबांनी चष्मा काढला. "मग मोजताना काय करत होतात? की घरी बसून आकडे भरलेत?"

चंद्राचा चेहरा उतरला. ती रोज सकाळच्या पहिल्या बसने आली होती, हे मला माहीत होतं. पण मला विचारतो कोण?

तेवढ्यात गर्दीतून गोदू पुढे आली. आठवा लागला होता तिला. पोट तेवढं दिसत होतं, बाकी चेहऱ्यावर काही राहिलं नव्हतं. तिच्या हातात पत्र्याचा एक डबा होता. मागून रंगूबाई धावत आली, तिचा पदर ओढत म्हणाली, "गोदू, घरी चल. माज्या गळ्याची आन हाय तुला."

गोदूने पदर सोडवून घेतला. "ताई, आमच्या घरातलं परत मोजा."

धोंडूबाई समोरच उभी होती. गोदूने तिच्याकडे बघितलं, आणि तिच्या देखतच तो डबा माझ्या परडीत उपडा केला. कणी होती. थोडी, बारीक, किड्यांनी खाल्लेली. माझी सुई हलली न हलली.

"घरात हाय ते एवढंच. तवाबी एवढंच होतं. त्या येळी मोजला तो तांदूळ केसरीनाथशेठचा होता. आमच्या घरात लपवलेला."

सगळ्यांच्या माना केसरीनाथकडे वळल्या. केसरीनाथ पुढे आला. आवाज चढवला नाही त्याने. "पोरीचं डोकं ठिकानावर न्हाय. असल्या दिवसांत व्हतं बायांना." मग नामाकडे वळून म्हणाला, "नामा, उद्यापासनं शिफ्टला येऊ नको."

नामाला नीट ऐकू आलं नसावं. त्याने शेजारच्याला विचारलं. शेजाऱ्याने खाली बघितलं.

मला वाटलं, आता साहेबांना कळेल. माझी सुई त्यांच्या डोळ्यांसमोर होती. त्यांनी ती बघितलीही. मग म्हणाले, "डबे आले म्हटल्यावर घरातला तांदूळ लपतोच. हे मी सगळीकडे बघितलंय. एकदा मोजलेलं परत मोजायचं नाही. बाकीच्या देशांतही हाच नियम आहे. एका गावासाठी तो बदलला तर तुलनेला अर्थ काय राहिला?"

परडीत खोटं होतं तेव्हा सगळ्यांनी मानलं. खरं दाखवलं तेव्हाच नेमका संशय. त्या दिवसापासून माझा स्वतःवरही विश्वास बसत नाही.

केसरीनाथची सून डबा घेऊन गेली. जाताना ती गोदूजवळ क्षणभर थांबली, पण नवरा बघत होता. धोंडूबाई काठी टेकत निघून गेली. ती कुठे निघाली, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. संध्याकाळच्या एस.टी.ने वज्रेश्वरीला निरोप जाणार.

रंगूबाई घरी येऊन गोदूचे कपडे गाठोड्यात बांधू लागली. चंद्रा मला घेऊन तिच्यामागे आली होती. मला भिंतीच्या खुंटीला अडकवून ती उंबऱ्यावर बसली.

"तुजी चूक न्हाय, पोरी," रंगूबाई तिला म्हणाली. "मीच तुला फसवलं."

तेवढ्यात धोंडूबाई दारात आली. तिच्या पदरात काहीतरी बांधलेलं होतं. आत येऊन तिने ते चुलीजवळ मोकळं केलं. तांदूळ होता. जाडा, साधा, पण कणी नव्हे. आणि वर दोन अंडी.

"ठेव चुलीवर," ती म्हणाली.

रंगूबाई हात जोडून उभी राहिली. "ताई, तुमी कशाला... उद्या मी स्वतः आनून..."

"उद्या न्हाय. आत्ता. माज्यादेखत शिजव." धोंडूबाई चुलीसमोर फतकल मारून बसली. "तुज्या घरातला तांदूळ पोत्यात परत जातो. तुज्या दाराला फट हाय. रोज बघत होते मी."

रंगूबाईच्या हातातलं गाठोडं खाली पडलं. गोदू म्हणाली, "मावशी, तुला ठाव होतं? मग सासरी का न्हाय कळवलंस?"

"कळवलं असतं तर तुला तिकडं न्यावी लागली असती." धोंडूबाईने चुलीत काटकी सारली. "आनि तिकडं काय हाय? माजी बहीन दुपारचं काय शिजवीत न्हाय, ते मला ठाव हाय. धूर दिसावा म्हनून पाला जाळतंय. तुज्या आयेला वाटतं, तिला एकटीलाच ही ढोंगं येतात."

मग ती रंगूबाईकडे बघून खेकसली, "तुज्यासाठी न्हाय देत. आमच्या नातवंडासाठी देतंय. पोरगी जेवंपर्यंत मी उठनार न्हाय. तुजा मला भरवसा न्हाय."

भात शिजला. गोदू जेवली. धोंडूबाई ताट स्वच्छ होईपर्यंत बघत बसली, मग काठी घेऊन उठली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. कधी तांदूळ, कधी नुसत्या वालाच्या शेंगा. प्रत्येक वेळी तशीच फतकल मारून, तशीच खेकसत. दिवस भरेपर्यंत तिने तो नेम मोडला नाही. हे मी पाहिलं, कारण चंद्रा मला त्या खुंटीवरून नेऊ शकली नाही. तिची नोकरी त्याच आठवड्यात गेली आणि मला परत मागायला कोणी आलंच नाही.

गोदूला मुलगी झाली. अशक्त, पण रडण्यात दमदार. नामा महिनाभर घरी बसला. मग निजामपुऱ्यातच दुसऱ्या एका मालकाच्या लूमवर लागला. ड्युटी रात्रीची, मजुरी थोडी कमी. केसरीनाथ वाटेत भेटला तर रंगूबाई तोंड फिरवत नाही, तोच फिरवतो. चंद्रा एकदा गोदूची मुलगी बघायला आली होती. साहेबांचं पुस्तक छापून निघालंय, असं तिने सांगितलं. त्यात देशांचा एक तक्ता आहे, कोण किती गरीब त्याचा. त्या तक्त्यात कुठेतरी आमचं शेलारही मिसळलेलं आहे. तिथे केसरीनाथ उपाशी आहे आणि नामा तृप्त.

"परक्याची वस्तू घरात नको," असं म्हणून रंगूबाईने अखेर मला विकून टाकलं. आता मी निजामपुऱ्यात चिंधूच्या भंगाराच्या दुकानात टांगलेला आहे. सुताच्या गुंतवळी, लूमचे मोडके धोटे, गंजलेला पत्रा असं काहीबाही तोलतो. स्प्रिंग सैल पडलीय. गिऱ्हाइकं रोज म्हणतात, "काटा झूठ बोलता है." चिंधू भांडतो. मी गप्प राहतो, कारण या वेळी त्यांचं खरं आहे.

एवढंच सांगायला तुम्हाला थांबवलं. अमुक देश इतका गरीब, तमुक इतका श्रीमंत, असं कोणी तुमच्यासमोर मांडलं, तर त्यामागे कुठेतरी माझ्यासारखा एक काटा टांगलेला असेल. त्याच्यावर रागावू नका, त्याच्यापुढे हातही जोडू नका. उद्या तुमच्यावरच कोणाचं घर मोजायची पाळी आली, तर सुई बघून, आकडा लिहून लगेच पुढच्या घराकडे वळू नका. चुलीजवळ थोडी जागा मागून घ्या आणि भात शिजेपर्यंत थांबा.